सातशे रुपयांचा नीरफणस

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या सासऱ्यांनी ताटात भाजी घेणे बंद केले. त्यांना ब्रिस्टलला येऊन तेव्हा महिना झाला होता. कारण त्यांनी सांगितले नाही आणि पहिले काही दिवस ते आमच्या लक्षातही आले नाही. भात, वरण, लोणचे आणि ताक एवढे ते घेत. भाजीचे भांडे पुढे केले की "आज नको, पोट जड आहे," म्हणत.

सासूबाई आदल्या वर्षी गणपतीच्या थोड्या आधी गेल्या. त्यानंतर सासरे रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी एकटेच राहत होते. सकाळी चहा स्वतः करत आणि दोन्ही वेळचे जेवण शेजारून डब्यात येई. माझ्या नवऱ्याने त्यांना डिसेंबरात इकडे आणले. व्हिसा एका वेळी सहा महिने राहण्याचा होता, त्यामुळे परतीचे तिकीट जूनचे काढले होते. माणूस धडधाकट होता. साखरेची गोळी सोडली तर औषध नव्हते. आयुष्यभर बँकेत कॅशियर होते आणि आकडेमोड तोंडी करत.

भाजीचे कारण एका रविवारी सुपरमार्केटमध्ये कळले. ते भेंडीच्या पाकिटासमोर उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

"पावणेदोनशे ग्रॅम," ते म्हणाले. "सव्वा पौंड. म्हणजे किलोला आठशे रुपये. आठशे!"

"बाबा, कन्व्हर्ट नका करू," नवरा म्हणाला. "इथे पगारही पौंडात मिळतो."

"तुझा मिळतो. माझी पेन्शन रुपयात आहे."

"तुमच्या पेन्शनीतून घेतोय का आपण भेंडी?"

"घेतोस तू. पण खातंय कोण? मी."

पाकीट त्यांनी परत जागेवर ठेवले.

इथे पहिल्यांदा आलेला प्रत्येक जण किमतीला शंभराने गुणतो आणि वर थोडे चढवतो. पुण्या-नागपूरहून नोकरीवर येणारी मुले पहिला पगार खात्यात येईपर्यंत हे करतात आणि मग सोडून देतात. त्यांचे आईवडील सोडत नाहीत, कारण त्यांना पहिला पगार कधीच मिळत नाही. आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत हे झालेले आहे. बहुतेक ठिकाणी त्याचा विनोद होतो. एजवेअरला राहणाऱ्या मैत्रिणीच्या आई सहा महिने रोज केळ्याचा भाव सांगत आणि मग केळे खात. सासरे भाव सांगत आणि खात नसत.

त्यांचे हिशेब नीट लावलेले होते. तांदळाची दहा किलोची पिशवी पास होती. तूरडाळ पास. बटाटा पास. दूध तर गावच्याच भावात होते, म्हणून चहा ते मोकळ्या मनाने पीत. फ्लॉवर एका आठवड्यात पास झाला आणि पुढच्या आठवड्यात तीस पेन्स चढल्यावर नापास झाला. टोमॅटो, वांगी, गवार, भेंडी, दोडका पहिल्यापासून नापास. सफरचंद पास होते, पण सफरचंद त्यांना आवडत नव्हते. कोथिंबिरीचा त्यांना रागच होता. प्लास्टिकच्या पाकिटात मोजून घातलेल्या काड्या बघून ते मला म्हणाले, "अगं, ही तर भाजीवर फुकट येते. हिचे पैसे घेतात?"

फेब्रुवारीत त्यांनी पट्ट्याला नवे भोक पाडले. स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, तेव्हा मला वाटले खुर्ची दुरुस्त करणार असतील.

मी घरून काम करत असे, त्यामुळे दुपारचे जेवण आम्हा दोघांचे एकत्र होई. सुनेने सासऱ्यांना "अजून घ्या ना" दोनदा म्हणता येते. तिसऱ्यांदा म्हटले की तो आग्रह उरत नाही, सांगणे होते. मी दोनदा म्हणत असे. नवऱ्याने वेगळा उपाय काढला. तो गाडीतच पाकिटांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या सोलू लागला. हे दोन आठवडे चालले. मग एके दिवशी वडिलांनी वांग्याचे पाकीट उजेडात धरले.

"चिठ्ठी काढलीस ती काढलीस," ते म्हणाले, "डिंक तरी पुसायचास."

त्यानंतर आम्ही कोणताही भाव सांगितला तरी खरा त्याहून जास्त असणार असे ते धरून चालू लागले. भातही कमी झाला.

फेब्रुवारीच्या मध्यावर ते बसस्टॉपवर चक्कर येऊन खाली बसले. आमच्या शेजारच्या बाईंनी त्यांना पाहिले. या बाई मूळच्या जमैकाच्या होत्या, वयाने सासऱ्यांहून मोठ्या, नवरा वारलेला. त्या तरुणपणी इथे आल्या आणि आमच्या रस्त्यावर सगळ्यांत जास्त वर्षे राहिलेल्या होत्या. त्यांनी सासऱ्यांना एका घराच्या बुटक्या भिंतीवर बसवले, पिशवीतली आल्याची बिस्किटे खायला लावली आणि हाताला धरून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नेले. तिथल्या फार्मसिस्टने बोटातून रक्त घेतले. साखर खूप खाली गेली होती. गोळी घेऊन अर्धपोटी राहू नका, हे असेच चालले तर पुढच्या वेळी ॲम्ब्युलन्स लागेल, असे त्याने मला फोनवर सांगितले.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सासरे म्हणाले, "माझं तिकीट बदला. मार्चअखेरचं करा."

"का?" नवऱ्याने विचारले.

"मी इथे महाग पडतो."

"तिथे कोण करून घालणार आहे? डबेवाल्या काकू? गेल्या महिन्यापासून त्या मुलीकडे गेल्यात."

"मी भात लावीन. तिथले भाव मला समजतात."

"तिथे चक्कर आली तर? इथे निदान कुणी बघितलं."

"इथे चक्कर का आली ते बघ आधी."

नवऱ्याने तिकीट बदलायला किती पडतील ते फोनवर काढले आणि आकडा मोठ्याने वाचला. त्याला वाटले, हे ऐकून वडील माघार घेतील. सासऱ्यांनी मनात गुणाकार केला. आम्हाला त्यांचे ओठ दिसत होते.

"बदल," ते म्हणाले.

नवऱ्याने "बघतो" म्हटले आणि लगेच बदलले नाही. जे होणार होते ते उघड होते. गावच्या बंद घरात ते एकटे, गोळी चालू आणि जेवण अर्धे.

त्या शनिवारी शेजारच्या बाईंनी दार वाजवले. सासऱ्यांनी त्यांना बँकेतल्या नोकरीविषयी सांगितले असावे, कारण त्या त्यांना मिस्टर बँक म्हणत होत्या. सासरे त्यांना मॅडम म्हणत. दोघे इंग्रजीत बोलत. सासऱ्यांचे इंग्रजी बँकेच्या पत्रातले, बाईंचे जमैकाचे. तरी एकमेकांचे त्यांना सगळे कळत होते.

"मिस्टर बँक, माझी बिस्किटं खाल्लीस," त्या म्हणाल्या. "आता माझी पिशवी उचल. माझे गुडघे गेलेत. तुझे हात चालतात ना?"

मीही बरोबर गेले. उताराच्या तळाशी एक कॅरिबियन किराण्याचे दुकान आहे. बाहेर फुटपाथवर खोकी मांडलेली असतात. या दुकानावरून आम्ही चार वर्षे जात-येत होतो आणि आत कधी गेलो नव्हतो. आमचा बाजार सुपरमार्केटमध्ये आणि महिन्यातून एकदा इंडियन दुकानात होई.

सासरे पहिल्या खोक्यापाशीच थांबले. "अळकुड्या," ते म्हणाले. पुढच्या खोक्याला त्यांनी हात लावला. "हा कोनफळाचा भाऊ. ही कच्ची केळी, भाजीची. हा माठ. अगं, हा माठ आहे!" दुकानाच्या आत खारवलेल्या माशांच्या पाट्या होत्या. त्यांनी वाकून वास घेतला. दोन महिन्यांत एखाद्या दुकानात त्यांचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. बाई बाजूला काठीवर रेलून त्यांची गंमत बघत होत्या.

मग गल्ल्याजवळच्या टोपलीत त्यांना नीरफणस दिसला. हिरवा, बारीक खवल्यांचा, दोन्ही हातांत धरावा एवढा. कोकणात त्याचे काप करतात. टोपलीवर पुठ्ठ्याचा तुकडा होता. एकाचे साडेसहा पौंड.

"सातशे पंधरा रुपये," सासरे म्हणाले. मग इंग्रजीत बाईंना सांगितले, "मॅडम, माझ्या परड्यात ह्याचं झाड आहे. हंगामात कोणी फुकट न्यायला येत नाही. गुरांना घालतो."

"आम्ही डुकरांना घालायचो," बाई म्हणाल्या, आणि एक उचलून पिशवीत टाकला.

"मग एवढे पैसे देऊन घेता कशाला?"

"डुक्कर सोबत आणलं नाही. मग मलाच खावं लागतं."

गल्ल्यावरचा माणूस हसला. सासरे हसले नाहीत. चढावर पिशवी त्यांनी उचलली आणि घरी येईपर्यंत एवढेच म्हणाले, "सातशे रुपये उचलून आणले."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, बाई पुन्हा दारात आल्या. हातात पांढरे, निळ्या काठाचे एनॅमलचे खोलगट भांडे होते आणि वर फडके. आत आख्खा भाजून, सोलून, मग तळलेला नीरफणस होता आणि कांदा-टोमॅटोत परतलेला खारा मासा.

"मिस्टर बँकेची हमाली," त्या म्हणाल्या आणि आत न येता गेल्या.

शनिवार असता तर सासऱ्यांनी मासा घेतला नसता. रविवार होता. त्यांनी भांडे समोर ओढले, एक फोड उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि खाल्ली. मग दुसरी. त्यावर मासा घेतला, ठसका लागला, पाणी प्यायले.

"मिरची जहाल आहे," ते म्हणाले. "मासा आपल्यासारखाच."

आम्ही दोघे बघत नाही असे दाखवत होतो. त्यांनी तळाचा टोमॅटोसुद्धा भाताला लावून संपवला. त्या भांड्यावर कसलीही चिठ्ठी नव्हती.

जेवण झाल्यावर मी भांडे घासले, पुसले आणि परत द्यायला निघाले.

"कुठे चाललीस?" सासऱ्यांनी विचारले.

"भांडं देऊन येते."

"रिकामं?"

मी थांबले. शेजारचे भांडे रिकामे परत देत नाहीत, हे मला माहीत नव्हते असे नाही. इथे आल्यापासून कुणाचे भांडे घरात आलेच नव्हते. "चमचाभर साखर घालते," मी म्हणाले. माझ्या माहेरी तसेच करत.

"साखर? त्या बाईने मासा दिला आणि तू साखर देणार? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक, बाबा?" नवऱ्याने विचारले. "समोरचा गोरा?"

सासऱ्यांनी कोट चढवला, मफलर गुंडाळला आणि एकटे बाहेर पडले. रविवारी ते दुकान चारपर्यंत उघडे असते. अर्ध्या तासाने ते परत आले. हातात निळी प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत नीरफणस.

नवऱ्याने संधी सोडली नाही. "किती रुपये झाले, बाबा?"

"दुसऱ्याचं भांडं भरताना भाव काढत नाहीत," ते म्हणाले. "तुझ्या आईने एवढंही शिकवलं नाही का? खोबरेल दे. चीक लागतो हाताला."

काप त्यांनी स्वतः केले. मला फक्त डबे काढून द्यायला सांगितले. साल काढून चंद्रकोरीसारख्या फोडी केल्या, मीठ-हळद-तिखट लावून बाजूला ठेवल्या, तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवल्या आणि तव्यावर सोडल्या. तवा नॉनस्टिक होता, त्याबद्दल त्यांनी जे म्हणायचे ते म्हटले. तेल जास्त तापले आणि स्मोक अलार्म वाजू लागला. सासरे एका हाताने काप उलटत होते, नवरा स्टुलावर चढून टॉवेलने अलार्मला वारा घालत होता. शेजारच्या भिंतीवर दोन ठोके पडले. ते काळजीचे होते की टोमण्याचे, कळायला मार्ग नव्हता.

भांडे काठोकाठ भरून गेले. नीरफणस मोठा होता, अर्धा उरला. उरलेला टाकून देणे शक्य नव्हते. सासऱ्यांनी तो रात्री खाल्ला आणि राहिलेला दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर.

बुधवारी भांडे परत आले. आत नारळाच्या दुधात शिजवलेला राजम्याचा भात होता.

"मॅडम, हे कशाला?" सासऱ्यांनी दारात विचारले.

"रिकामं परत केलं असतं तर माझ्या आईने थडग्यातून उठून मारलं असतं," बाई म्हणाल्या. "तुझे ते तळलेले तुकडे छान होते. मीठ महाग झालंय का पण?"

सासरे दिवसभर त्या मिठावर होते. "मीठ बरोबर होतं. त्यांना जास्त खायची सवय आहे. ह्या वयात चांगलं नव्हे." पुढच्या वेळी त्यांनी मीठ थोडे जास्त घातले.

ती पुढची वेळ आली, कारण भांडे पुन्हा आमच्याकडे होते. या खेपेला त्यांनी भरली भेंडी करायचे ठरवले. भेंडी सुपरमार्केटमधून आणली, त्याच पाकिटातली, तीन पाकिटे. मी सोबत होते. त्यांनी भाव वाचला, ओठ हलले नाहीत. शेंगदाण्याचा कूट, खोबरे, तिखट, गूळ घालून त्यांनी एकेक भेंडी भरली. निम्मी भांड्यात गेली. निम्मी आमच्या कढईत राहिली आणि त्या दिवशी त्यांनी भाजी दोनदा वाढून घेतली.

असे मार्चभर चालले. दर आठवड्याला दोनदा भांडे दारे बदलत होते. एका सोमवारी त्यात कोंबडी आली. सोमवारी सासरे मांसाहार करत नाहीत. त्यांनी दारात तसे सांगितले नाही, आम्हाला खायला लावले आणि स्वतः रस्सा मंगळवारी गरम करून घेतला. एकदा त्यांनी माठाची भाजी पाठवली आणि बाईंनी ती जमैकात सकाळी न्याहारीला खातात असे सांगितले. न्याहारीला पालेभाजी, हे सासऱ्यांना पटले नाही. मिरचीच्या बाबतीत दोघांपैकी कुणीच मागे हटले नाही. बाईंचे म्हणणे, त्यांची मिरची खाऊन माणूस सरळ चालतो. सासऱ्यांचे म्हणणे, पळतो.

स्वतःपुरता हिशेब त्यांनी सोडला नव्हता. फळ ते शेवटपर्यंत स्वतःसाठी घेत नसत. आम्ही आणलेल्या द्राक्षांचा भाव त्यांनी न चुकता सांगितला. कोथिंबिरीला तर त्यांनी माफ केलेच नाही. खिडकीतल्या कुंडीत धणे टाकले. काड्या उंच, फिक्या आणि लुळ्या आल्या. त्या त्यांनी भांड्यातल्या जिन्नसांवर पेरल्या, फुकट असल्याचे समाधान मानून.

मार्चच्या सुरुवातीला नवऱ्याने तिकिटाचा विषय काढला.

"बाबा, तिकीट बदलायचं तर आत्ता बदलायला हवं. रोज पैसे वाढतायत."

सासरे लसूण सोलत होते. "आत्ता भांडं आपल्याकडे आहे," ते म्हणाले. "ते देऊन होऊ दे."

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारले.

"आता ते त्यांच्याकडे आहे," सासरे म्हणाले. "आणि मी गेलो? त्या भरून आणतील आणि मी नाही. बरं दिसतं का?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही. मार्च संपला, तिकीट जूनचेच राहिले.

एप्रिलमध्ये मी त्यांना फार्मसिस्टकडे घेऊन गेले. या खेपेला साखर ठीक होती. त्याने काय खाता ते विचारले. सासऱ्यांनी बँकेच्या इंग्रजीत सविस्तर सांगितले आणि मागे रांग लागली. पट्ट्याचे नवे भोक मेमध्ये वापरात नव्हते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते ठरलेल्या विमानाने गेले. आम्ही त्यांना हीथ्रोपर्यंत गाडीने सोडले. शेजारच्या बाई फाटकापर्यंत आल्या होत्या आणि त्यांनी वाटेसाठी आल्याची बिस्किटे दिली. गावी पोचल्यावर त्यांनी फोन केला. जेवणासाठी गावातल्याच एका बाईंची सोय झाली होती आणि त्या दोन भाज्या करतात असे ते म्हणाले.

व्हिसा दोन वर्षांचा आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी मुलाला डिसेंबरच्या तिकिटाचा भाव विचारला. त्याने पौंडात सांगितला. गेल्या आठवड्यात त्याने त्यांचे तिकीट काढले, येण्याचे आणि जाण्याचे, दोन्ही.